वर्णानुक्रमात विखुरलेले पथक : होनोलुलूच्या नामभिंती आणि आठवे पाणतीर पथक

१

होनोलुलू शहराच्या माथ्यावर एका विझलेल्या ज्वालामुखीचे द्रोणाकार विवर आहे. हवाईच्या मूळ भाषेत त्याचे नाव पुओवाइना. या नावाचा अर्थ सामान्यतः ‘बळीची टेकडी’ असा केला जातो. इंग्रजी अमलात त्याला ‘पंचबोल’ हे काहीसे थिल्लर नाव मिळाले. १९४९ साली या विवराच्या तळाशी पॅसिफिक महासागरातील युद्धांत मृत्यू पावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी राष्ट्रीय दफनभूमी खुली झाली. हिरवळीत सपाट बसवलेले दगड, त्यांच्या ओळी, आणि ओळींच्या शेवटी वर चढत जाणारा रुंद जिना असे तिचे आजचे रूप आहे. जिन्याच्या दोन्ही बाजूंना संगमरवरी भिंतींची प्रांगणे आहेत. ज्यांचे देह मिळाले त्यांच्यासाठी खालची हिरवळ आहे. ज्यांचे देह मिळालेच नाहीत, किंवा समुद्रालाच देऊन टाकावे लागले, त्यांच्यासाठी वरच्या भिंती आहेत. या भागाला ‘बेपत्तांची प्रांगणे’ असे नाव आहे. १९६६ साली अर्पण झालेल्या या स्मारकावर दुसऱ्या महायुद्धातील १८ हजारांहून अधिक, कोरियन युद्धातील ८ हजारांहून अधिक, आणि पुढे जोडलेल्या भागात व्हिएतनाम युद्धातील सुमारे अडीच हजार नावे आहेत.

या हजारो नावांत अमेरिकन नौदलाच्या आठव्या पाणतीर पथकाची (टॉर्पेडो स्क्वाड्रन) नावे आहेत. ४ जून १९४२ रोजी मिडवे बेटाजवळच्या लढाईत हे पथक जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले. अमेरिकेच्या युद्धस्मृतीत फारच थोड्या तुकड्यांना या पथकाइतके स्थान मिळाले असेल. तरीही नामभिंतीसमोर उभ्या राहणाऱ्याला हे पथक एकत्र कुठेच दिसत नाही. त्याची माणसे भिंतीवर आहेत, पथक मात्र नाही. प्रस्तुत निबंधाचा प्रारंभ या साध्या निरीक्षणातून झाला आहे. एकत्र मेलेल्या माणसांचे स्मरण कोणत्या साहित्यरूपात करावे, आणि ते करताना त्यांच्या मृत्यूला काही उपयोग होता असे दाखवणे आवश्यक असते काय, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत. स्मारकाकडे शिल्प म्हणून पाहण्याची रीत रूढ आहे. येथे त्याच्याकडे एक संहिता म्हणून पाहिले आहे.

२

प्रथम घटना. १९४२ च्या जूनमध्ये जपानी नौदलाने मिडवे बेटावर चढाई केली. जपानी ताफ्यात चार मोठ्या विमानवाहू नौका होत्या. अमेरिकेच्या बाजूने ‘एंटरप्राइज’, ‘यॉर्कटाउन’ आणि ‘हॉर्नेट’ अशा तीन होत्या. हॉर्नेटवरील आठव्या पाणतीर पथकाचा प्रमुख लेफ्टनंट कमांडर जॉन वॉल्ड्रन हा दक्षिण डकोटातला. त्याच्या आजीकडून त्याच्यात लकोटा आदिवासींचे रक्त आले होते. त्याच्या पथकाची विमाने ‘डेव्हास्टेटर’ या जातीची, म्हणजे १९४२ पर्यंत जुनी झालेली. पाणतीर सोडताना विमानाला पाण्याच्या पृष्ठभागापासून अगदी कमी उंचीवर यावे लागे, वेग कमी ठेवावा लागे, आणि शत्रूच्या नौकेच्या दिशेने सरळ रेषेत उडत राहावे लागे. त्या काळातील अमेरिकन पाणतीरही सदोष होते. पुष्कळदा ते ठरल्या मार्गाने जात नसत किंवा फुटत नसत. एवढे सगळे जमून आले तरच प्रहाराची शक्यता होती.

उड्डाणानंतर हॉर्नेटच्या विमानगटाने नेमकी कोणती दिशा धरली, याविषयी त्या नौकेचा अधिकृत अहवाल आणि वैमानिकांनी पुढे सांगितलेल्या आठवणी यांचा मेळ बसत नाही. मात्र वॉल्ड्रनने गटप्रमुखाची दिशा चुकीची मानली, तो आपले पथक घेऊन वेगळा झाला आणि थेट जपानी ताफ्यावर जाऊन पोहोचला, याविषयी दुमत नाही. सकाळी साधारण ९ वाजून २० मिनिटांनी १५ विमानांनी हल्ला केला. संरक्षणाला स्वतःचे लढाऊ विमान एकही नव्हते. पंधराही विमाने पाडली गेली. ३० माणसांपैकी २९ मेली. एन्साइन जॉर्ज गे हा एकटा वैमानिक समुद्रात तरंगत राहिला आणि दुसऱ्या दिवशी एका समुद्री विमानाने त्याला उचलले.

त्यानंतर एंटरप्राइज व यॉर्कटाउन यांच्या पाणतीर पथकांनी हल्ले केले. तिन्ही पथकांची मिळून ४१ विमाने होती. त्यांतली मोजकीच परतली आणि एकाही पाणतीराने वेध घेतला नाही. साधारण १० वाजून २० मिनिटांनंतर मात्र उंचावरून सूर मारून बॉम्ब टाकणारी अमेरिकन विमाने आली आणि काही मिनिटांत तीन जपानी विमानवाहू नौका पेटल्या. चौथी संध्याकाळी पेटली. लढाईचे पारडे फिरले.

३

आता भिंतीकडे येऊ. नामभिंतीवरील नावांची मांडणी सैन्यदलानुसार आणि दलाच्या आत इंग्रजी वर्णानुक्रमाने आहे. या मांडणीमुळे नाव शोधणे सोपे होते, हे खरे. त्याहून महत्त्वाचे हे, की तिच्यात कुणी थोर नाही आणि कुणी किरकोळ नाही. परंतु प्रत्येक मांडणी काही सांगते तसे काही लपवतेही. वॉल्ड्रनच्या विमानात त्याच्या पाठीमागे तोंड करून होरेस डॉब्स हा बिनतारी संदेश पाहणारा गोलंदाज बसला होता. दोघांमध्ये फार तर काही हातांचे अंतर असेल, आणि दोघांना मृत्यू एकाच क्षणी आला. भिंतीवर डॉब्स वर्णमालेच्या आरंभाकडे आहे आणि वॉल्ड्रन शेवटाकडे. त्यांच्यामध्ये निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या बेटांजवळ बुडालेल्या हजारो अपरिचितांची नावे आहेत.

या मांडणीने एक अन्याय दूर होतो, हेही नमूद केले पाहिजे. पथकातील मृत वैमानिकांना नौदलाने ‘नेव्ही क्रॉस’ हे पदक दिले. त्यांच्याच विमानांत, त्यांच्याच बरोबर मेलेल्या गोलंदाजांना त्याहून खालच्या श्रेणीचे ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’. विमान कोणत्या दिशेने न्यायचे हे मागे बसलेल्या माणसाच्या हाती नव्हते. म्हणून त्याचे धैर्य कमी प्रतीचे ठरते काय? पदकांच्या भाषेत ठरते. वर्णानुक्रमाच्या भाषेत ठरत नाही. भिंतीवर त्याचे अक्षर अधिकाऱ्याच्या अक्षराएवढेच उंच आहे.

स्मारकाच्या अर्पणलेखाचे व्याकरणही लक्षात घेण्याजोगे आहे. या माणसांनी देशसेवेत आपले प्राण दिले आणि त्यांचे विसाव्याचे ठिकाण एका ईश्वरालाच ठाऊक आहे, असा त्याचा आशय. ‘दिले’ हे क्रियापद कर्तरी आहे. प्रत्यक्षात वीस-बावीस वर्षांच्या या मुलांचे प्राण घेतले गेले होते. कर्मणी घटनेचे कर्तरी विधानात रूपांतर करणे हे युद्धस्मारकांच्या भाषेचे सार्वत्रिक लक्षण आहे. मराठीतही आपण सैनिक ‘मारला गेला’ असे कोरत नाही. त्याने ‘प्राणार्पण केले’ असे कोरतो. वाक्याचा कर्ता बनवून मृताला त्याचे कर्तृत्व परत करावे, अशी या व्याकरणामागची भावना असते. आठव्या पथकाच्या बाबतीत मात्र हे कर्तरी क्रियापद निव्वळ उपचार राहत नाही. वॉल्ड्रनने स्वतःची दिशा निवडली होती. लढाईपूर्वी त्याने आपल्या माणसांना वाटलेल्या हल्ल्याच्या योजनेला जोडून एक छोटा संदेश होता. परिस्थिती सर्वांत वाईट झाली आणि एकच विमान उरले, तर त्यातल्या माणसानेही आत जाऊन प्रहार करावा, अशी इच्छा त्याने त्यात व्यक्त केली होती. वॉल्ड्रनपुरते ‘दिले’ हे क्रियापद खरे आहे. त्याच्यामागे गेलेल्या प्रत्येकापुरते ते तितकेच खरे आहे काय, हे भिंत सांगत नाही, आणि तिला ते सांगता येणारही नाही.

४

प्रांगणांच्या वर, जिन्याच्या माथ्यावर कोलंबियाची भव्य मूर्ती आहे. ती विमानवाहू नौकेच्या नाळेचे प्रतीक असलेल्या चौथऱ्यावर उभी आहे. तिच्या हातात लॉरेलची फांदी आहे आणि ती सर्व शोकग्रस्त मातांचे रूप मानली जाते. तिच्याखाली कोरलेले शब्द अब्राहम लिंकनच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, बोस्टनच्या लिडिया बिक्स्बी या विधवेला २१ नोव्हेंबर १८६४ रोजी धाडलेल्या सांत्वनपत्रातून घेतले आहेत. पाच मुलगे यादवी युद्धात गमावलेल्या आईला उद्देशून लिहिलेले हे पत्र इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले आहे.

या पत्राचा इतिहास तौलनिक अभ्यासकाला अस्वस्थ करणारा आहे. ते लिंकनने लिहिले की त्याचा सचिव जॉन हे याने, याविषयी दीर्घ वाद झालेला आहे. शिवाय ज्या वस्तुस्थितीवर ते आधारलेले आहे तीच चुकीची होती. बिक्स्बीबाईंचे पाचही मुलगे रणांगणावर पडले नव्हते. दोघे पडले होते. उरलेल्यांच्या वाट्याला वेगळ्या गती आल्या होत्या. म्हणजे हजारो बेपत्तांच्या शोकाला शब्द देणारा मजकूर कर्तृत्वाच्या दृष्टीने संशयित आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने सदोष आहे.

म्हणून तो कोरायला नको होता काय? माझे उत्तर नकारार्थी आहे, परंतु ते सरळसोट नाही. सांत्वन करणारे वाक्य ज्या माणसासाठी लिहिले गेले त्याच्यापुरते चुकीच्या माहितीवर आधारलेले असले, तरी शोकाचे जे रूप त्यात घडले ते खरे असू शकते. दोन मुलगे गमावलेली आईदेखील सांत्वनाला पात्र असते. आकडा पाचाचा असण्याची तिला गरज नव्हती. गरज होती ती पत्र लिहिणाऱ्याला, राष्ट्राला आणि वाचकाला. शोक पुरेसा भव्य वाटावा म्हणून आपण आकडा वाढवतो, आणि मृत्यू पुरेसा अर्थपूर्ण वाटावा म्हणून त्याला परिणाम जोडतो. आठव्या पथकाच्या कथेत हेच दुसऱ्या मार्गाने घडले.

५

भिंतीने विखुरलेले पथक पुन्हा एकत्र आणण्याचे काम भिंत उभी राहण्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते, आणि ते केले चित्रपटाने. प्रसिद्ध दिग्दर्शक जॉन फोर्ड हा नौदलाच्या चित्रणपथकाबरोबर मिडवे बेटावर होता. लढाईनंतर त्याच्याकडे हॉर्नेटच्या डेकवर आधीच टिपलेली काही रंगीत दृश्ये आली : आठव्या पथकातले वैमानिक आणि गोलंदाज जोडीजोडीने आपल्या विमानापाशी उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहताहेत, कुणी हसतो आहे, कुणी संकोचला आहे. त्यातून फोर्डने साधारण आठ मिनिटांची एक फिल्म तयार केली आणि तिच्या प्रती मृतांच्या कुटुंबांना पाठवल्या. ती चित्रपटगृहांसाठी नव्हती. घरातल्या छोट्या प्रोजेक्टरवर, आप्तांच्या समवेत पाहण्यासाठी ती होती. ज्यांच्या घरी पेटी आली नाही त्यांच्या घरी ही फिल्म आली.

या फिल्मचा रचनाबंध नामभिंतीच्या नेमका उलट आहे. येथे वर्णानुक्रम नाही. येथे एकक आहे ते विमान, म्हणजे पुढे बसणारा आणि मागे बसणारा अशा दोघांची जोडी. भिंतीने ज्यांना दूर नेले त्यांना फिल्म खांद्याला खांदा लावून उभे करते.

तिसरे रूप कादंबरीचे. हर्मन वोक हा स्वतः पॅसिफिकमध्ये नौदलाचा अधिकारी होता. ‘वॉर अँड रिमेंबरन्स’ (१९७८) या आपल्या महाकादंबरीत मिडवेच्या लढाईपाशी आल्यावर तो कथन थांबवतो आणि तिन्ही पाणतीर पथकांतील मृतांची नावे छापतो. कल्पित पात्रांच्या कथेत खऱ्या माणसांची यादी अशी आडवी येते, तेव्हा वाचकाची वाचण्याची गती मोडते. महाकाव्याच्या परंपरेत नावांच्या याद्या असतात हे आपण जाणतो. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातील नौकांची यादी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. होमरची यादी युद्धाला निघालेल्यांची आहे आणि तिचा सूर वैभवाचा आहे. वोकची यादी न परतलेल्यांची आहे. तिच्यात विशेषणे नाहीत. विशेष हे, की ती पथकवार आहे. दगडी स्मारकाने जे केले नाही ते छापील पानाने केले.

दफनभूमीतही ही उणीव कुणाला जाणवली नाही असे नाही. तिथल्या स्मृतिपथाच्या कडेला निरनिराळ्या तुकड्यांच्या व संघटनांच्या वतीने बसवलेल्या, कांस्यपट्ट जडवलेल्या शिळा आहेत. नामभिंतीच्या मानाने या शिळा लहान आणि ओबडधोबड आहेत. त्या राज्यसंस्थेच्या हातच्या वाटत नाहीत. सोबत्यांच्या हातच्या वाटतात. भिंत नागरिकाचे स्मरण करते, शिळा सोबतीचे. दोन्हींची एकाच आवारात गरज भासावी, यातच वर्णानुक्रमाची मर्यादा मान्य झालेली आहे.

६

चित्रपट आणि कादंबरी यांनी पथक एकत्र आणले. त्याबरोबर त्यांच्या आणि पत्रकारितेच्या आश्रयाने एक कथाही रुजली. ती अशी : पाणतीर पथकांनी खाली येऊन जपानी लढाऊ विमानांना समुद्रसपाटीवर खेचून घेतले, आकाश मोकळे झाले, आणि त्या मोकळ्या आकाशातून बॉम्बफेकी विमाने उतरली. म्हणजे २९ जणांच्या मृत्यूने विजय विकत घेतला. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस जॉर्ज गे ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला आणि ‘एकमेव वाचलेला’ ही त्याची ओळख कायमची झाली.

२००५ साली जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांच्या ‘शॅटर्ड सोर्ड’ या ग्रंथाने जपानी बाजूच्या नोंदींच्या आधारे या लढाईचे कालमापन पुन्हा केले. त्यांच्या मांडणीप्रमाणे आठव्या पथकाचा हल्ला आणि निर्णायक बॉम्बफेक यांच्यात सुमारे एक तासाचे अंतर होते. खाली उतरलेल्या लढाऊ विमानाला पुन्हा उंची गाठायला इतका वेळ लागत नाही. बॉम्बफेकीच्या वेळी जपानी विमानांचे लक्ष वेधून घेतले ते मुख्यतः शेवटी आलेल्या यॉर्कटाउनच्या पाणतीर पथकाने. लागोपाठच्या हल्ल्यांमुळे जपानी नौकांना सतत वळणे घ्यावी लागली, डेक संरक्षक विमानांच्या ये-जा करण्यात गुंतून राहिले आणि त्यांचा प्रतिहल्ला लांबला, हा परिणाम खरा आहे आणि त्यात आठव्या पथकाचा वाटा आहे. परंतु ‘त्यांनी आकाश मोकळे केले’ हे सुटसुटीत वाक्य आज तसेच लिहिता येत नाही.

‘एकमेव वाचलेला’ हे वाक्यही अपुरे आहे. आठव्या पथकाचा एक भाग नवी ‘अॅव्हेंजर’ विमाने घेण्यासाठी मागे राहिला होता. तो पर्ल हार्बरला पोहोचेपर्यंत हॉर्नेट निघून गेली होती. त्यांपैकी सहा विमाने लँग्डन फीबरलिंग याच्या नेतृत्वाखाली मिडवे बेटावर पाठवली गेली. ४ जूनच्या सकाळी, वॉल्ड्रनच्या दोन तास आधी, त्यांनी हल्ला केला. पाच पडली. सहावे अल्बर्ट अर्नेस्ट याने कसेबसे बेटावर परत आणले. त्याच्यासोबतचा हॅरी फेरिअर जखमी अवस्थेत वाचला, तिसरा सहकारी जे मॅनिंग विमानातच मेला होता. म्हणजे त्या दिवशी आठव्या पथकाचे ४८ जण लढाईत गेले आणि ४५ मेले. ‘तिसांतून एक’ ही कथा ‘अठ्ठेचाळीसांतून तीन’ या वस्तुस्थितीपेक्षा अधिक रेखीव होती, म्हणून ती टिकली. फीबरलिंगचे सोबती मात्र त्या रेखीवपणाचे बळी ठरले.

येथे भिंतीविषयीचे आपले मत थोडे बदलावे लागते. वर्णानुक्रमाने पथक विखुरले, ही त्याची उणीव आपण पाहिली. परंतु वर्णानुक्रमाला कथा ठाऊक नसल्यामुळे तो कुणाला कथेबाहेरही ठेवत नाही. फीबरलिंग आणि वॉल्ड्रन एकाच भिंतीवर, एकाच नियमाने आहेत. कुणाच्या मृत्यूचा उपयोग झाला आणि कुणाच्या झाला नाही, असा भेद भिंतीला करता येत नाही. इतिहासकाराने उद्या आणखी काही सिद्ध केले तरी तिच्यावरचे एकही अक्षर पुसावे लागणार नाही.

७

देहाविना स्मरण ही अडचण या युद्धाने प्रथम उभी केली असे नाही. थुसिडिडीझने वर्णिलेल्या अथेन्सच्या युद्धांत्यविधीत मृतांच्या अस्थी जमातवार दहा पेट्यांत ठेवीत, आणि ज्यांचे देह मिळाले नाहीत त्यांच्यासाठी एक रिकामी, आच्छादलेली तिरडी मिरवणुकीत नेत. दफनस्थानी उभारलेल्या नामशिलाही जमातवार होत्या. एकत्र लढलेले तेथे एकत्र लिहिले जात. पथकाची रचना मृत्यूनंतरही टिकवणारी ही पद्धत होती.

समुद्रावरील युद्धाचे स्मारक म्हणून आपल्याकडील एकसरच्या वीरगळांची आठवण येथे अपरिहार्य आहे. मुंबईच्या बोरिवली भागातील या शिळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौकांची लढाई कोरलेली आहे. तेराव्या शतकातील शिलाहार-यादव संघर्षाशी तिचा संबंध जोडण्यात आलेला आहे, जरी तिच्या काळाविषयी अन्य मतेही आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो : तळाशी युद्ध, मग मृत्यू, त्यावर स्वर्गारोहण आणि माथ्याशी देवसान्निध्य. एकसरच्या वीरांची नावे मात्र आज आपल्याला ठाऊक नाहीत. होनोलुलूत अवस्था याच्या उलट. तेथे भिंतीवर नाव आहे आणि प्रसंग नाही. प्रसंग आहे तो स्मारकाच्या नकाशादालनात, मोझेकमध्ये घडवलेल्या युद्धनकाशांवर, आणि तेथे बाण आहेत, माणूस नाही. एकसरच्या शिल्पीने जे एका शिळेवर सांधले ते आधुनिक स्मारकाने दोन जागी वाटून दिले. या दोन स्मारकांत प्रभावाचे कोणतेही नाते नाही, हे सांगायला नको. तुलना आहे ती एकाच अडचणीच्या दोन उत्तरांची. समुद्र पाऊलखूण ठेवत नाही, म्हणून दोन्ही समाजांनी दगडाकडे धाव घेतली. एकाने प्रसंग राखला आणि नाव काळाच्या हवाली झाले. दुसऱ्याने नाव राखले आणि प्रसंग वाचकाच्या स्मृतीवर सोपवला.

याहून महत्त्वाचे तिसरे उत्तर जपानमधून आले. सावाची हिसाए या लेखिकेने मिडवेच्या लढाईत मेलेल्या प्रत्येक माणसाचा शोध घेण्याचे काम वर्षानुवर्षे केले आणि १९८६ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या नोंदीत ३०५७ जपानी आणि ३६२ अमेरिकन मृत आहेत. केवळ नावे नव्हेत. वय, घर आणि मागे राहिलेली माणसे यांचाही त्यात मागोवा आहे. आपल्या देशाच्या मृतांचा शोध घेणारी लेखिका त्याच निकषाने शत्रुपक्षाच्या मृतांचाही शोध घेते, ही गोष्ट युद्धस्मारकांच्या इतिहासात विरळा आहे. वॉल्ड्रनच्या माणसांनी ज्या नौकांवर पाणतीर रोखले त्या नौकांवरचे खलाशी आणि ज्यांनी वॉल्ड्रनच्या माणसांना पाडले ते वैमानिक, दोघेही या ग्रंथात त्यांच्यासोबत आहेत. राष्ट्रीय दफनभूमीच्या भिंतीला हे शक्य नाही, कारण ती राष्ट्रीय आहे. विजय-पराजयाच्या हिशेबात न बसणारे मृत्यूही येथे तितक्याच काळजीने नोंदले गेले. उपयोग झाला की नाही, हा प्रश्नच या नोंदीला पडत नाही.

८

प्रारंभीच्या दोन प्रश्नांकडे वळू. एकत्र मेलेल्यांचे स्मरण कोणत्या रूपात करावे, याला एकच एक उत्तर नाही. भिंत समता देते, पण सोबत मोडते. फिल्म सोबत देते, पण ती मोजक्या घरांपुरती राहते. कादंबरी सोबत आणि वाचक दोन्ही देते, पण ती कथानकाच्या गरजेला बांधलेली असते. नोंदग्रंथ सर्वांना सामावतो, पण तो उघडून वाचणारा माणूस त्याला लागतो. ही रूपे एकमेकांची स्पर्धक नसून पूरक आहेत. आठवे पथक आज जेथे कुठे अखंड आहे, तेथे ते या साऱ्या संहिता शेजारी ठेवून वाचणाऱ्याच्या मनात आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक कठीण आहे. या माणसांनी विजय मिळवून दिला म्हणून आपण त्यांचे स्मरण करत असू, तर इतिहाससंशोधनाच्या प्रत्येक नव्या निष्कर्षासोबत त्यांचा मान कमी-जास्त होत राहील, आणि वॉल्ड्रनच्या दोन तास आधी मेलेल्यांना कधीच मान मिळणार नाही. बिक्स्बीबाईंच्या शोकाला पाच हा आकडा लागू नये, तसा या मृत्यूंना विजय लागू नये. त्यांच्यापाशी होते ते एवढेच : जुनी विमाने, बेभरवशाचे पाणतीर, आणि पुढच्याने दिशा धरली तेव्हा मागून जाण्याची तयारी. त्यातून काय निष्पन्न झाले हा इतिहासाचा रास्त विषय आहे. ते स्मरणाचे मोल ठरवण्याचे माप मात्र नव्हे.

जॉर्ज गे १९९४ साली वारला. त्याचे नाव बेपत्तांच्या भिंतीवर नाही. तो बेपत्ता नव्हता, बावन्न वर्षे अधिक जगला होता. त्याच्या अस्थी मिडवेच्या समुद्रात, पथकाने जेथून हल्ला केला त्या ठिकाणी विसर्जित करण्यात आल्या. ही जागा त्याला कुणी नेमून दिलेली नव्हती आणि तेथे दगड बसवणे शक्यही नव्हते. तेथे वर्णानुक्रम नाही. तेथे तो आपल्या पथकात परत गेला आहे.